थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नव्हे

“आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका.” जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. गॅरेजमध्ये ते बॉनेट उघडायच्या आधीच उच्चारलं जातं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ते अनुभवाचं सार म्हणून सांगितलं जातं. गाडी गरम होते म्हणून हवालदिल झालेला मालक ते मुकाट्याने मान्यही करतो. मला या वाक्याचा प्रतिवाद करायचा आहे आणि त्यात हातचं काही राखायचं नाही. हा सल्ला चूक आहे. त्याने चांगली इंजिनं लवकर झिजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडी गरम का होते हे शोधण्याची वाटच बंद होते.

हवेत बोलण्यापेक्षा एक गाडी समोर ठेवू: एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही स्पोर्ट्स कार बनली, पाच लाखांहून अधिक संख्येने. तिचं इंजिन १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे. बीएमसी कंपनीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं हे इंजिन. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं भावंड आपल्या ॲम्बॅसडरमध्ये कित्येक दशकं होतं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना एमजीबीचं इंजिन परकं वाटत नाही. टॅपेट कसे लावायचे, हेड कोणत्या क्रमाने आवळायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. त्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच हाताबरोबर ॲम्बॅसडरच्या टॅक्सीवरची एक सवयही या गाड्यांपर्यंत आली, थर्मोस्टॅट काढून फेकण्याची.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं, कारण ते अगदीच बिनबुडाचं नाही. ते म्हणतात, ही गाडी थंड देशासाठी घडवलेली आहे. तिथे सकाळी इंजिन लवकर तापावं म्हणून हा व्हॉल्व्ह बसवला. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच बॉनेटला हात लावता येत नाही, मग इंजिन तापवण्यासाठी वेगळं यंत्र कशाला? शिवाय हा व्हॉल्व्ह अडकला की पाणी रेडिएटरकडे जातच नाही आणि हेड गॅस्केट उडतं. नसलेला भाग कधी बिघडत नाही. आणि शेवटचा हुकमी दाखला: टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं थर्मोस्टॅटशिवाय गाड्या चालवल्या, त्यांचं काय बिघडलं?

पहिल्याच मुद्द्याला कागदोपत्री उत्तर आहे. एमजीबी थंड देशात जन्मली हे खरं, पण ती मुख्यतः विकली गेली अमेरिकेत, आणि त्यात कॅलिफोर्निया, टेक्सस, ॲरिझोना हे प्रांतही आले. ॲरिझोनाच्या वाळवंटातला उन्हाळा विदर्भाच्या उन्हाळ्याला हार जाणारा नाही. उष्ण प्रदेशांचं काय करायचं हा प्रश्न कारखान्यापुढे पहिल्यापासून होता आणि त्याचं उत्तर त्यांनी दुरुस्ती-पुस्तिकेत छापून ठेवलं आहे: सर्वसाधारण वापरासाठी ८२ अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट, थंड देशांसाठी ८८ अंशांचा, आणि उष्ण देशांसाठी ७४ अंशांचा. उष्ण देशांसाठी ‘थर्मोस्टॅट नको’ असं त्या पुस्तिकेत म्हटलेलं नाही. ज्यांनी हे इंजिन आखलं, त्यांनी उष्ण हवेचा विचार करून आकडा आठ अंशांनी खाली आणला, भाग मात्र ठेवला. तो का ठेवला, हे समजून घेतल्याशिवाय काढायचा निर्णय घेऊ नये.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाने भरलेली एक पितळी डबी असते. ठरावीक तापमानाला मेण वितळतं, फुगतं, आतली दांडी ढकलतं आणि झडप उघडते. सर्जियस व्हर्ने या अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकाने १९३० च्या दशकात ही मेणाची युक्ती काढली. त्याआधी पातळ पत्र्याच्या भात्यात उडनशील द्रव भरलेले थर्मोस्टॅट असत. ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटचा अर्थ असा, की ८२ अंशांना झडप उघडायला सुरुवात होते. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. म्हणजे ९५ अंशांच्या आसपास ती सताड उघडी असते, आणि त्यानंतर पाण्याचं तापमान किती वर जाईल याच्याशी तिचा काडीचाही संबंध उरत नाही.

सगळा गैरसमज इथे आहे. थर्मोस्टॅट इंजिनाच्या तापमानाची खालची मर्यादा राखतो, वरची नाही. वरची मर्यादा रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप, हवेचा झोत, इग्निशनचं टायमिंग आणि कार्बोरेटरचं मिश्रण ही मंडळी मिळून ठरवतात. एखादी गाडी घाटात १०५ अंशांना पोचत असेल, तर ७४ चा थर्मोस्टॅट बसवून, ८२ चा ठेवून किंवा अजिबात न ठेवून ती १०५ लाच पोचेल. पाण्याची वाट तिन्ही वेळा पूर्ण उघडीच असते. फरक इतकाच पडतो, की सुरुवात खालून होते आणि काटा वर जायला काही मिनिटं जास्त लागतात. त्या मिनिटांनाच लोक ‘गुण आला’ म्हणतात.

उष्ण हवेचा खरा फटका कुठे बसतो, तेही आकड्यात पाहू. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा १५ अंशांवर असेल तर फरक ७५ चा. हवा ४२ अंशांवर गेली की तो फरक ४८ चा होतो. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात तोच रेडिएटर इंग्लंडमधल्या त्याच्या ताकदीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी काम करतो. त्यातून पन्नास वर्षांच्या गाळाने निम्म्या नळ्या बुजलेल्या असतील तर हिशेब कुठे जातो ते वेगळं सांगायला नको. एवढी तूट रेडिएटरमध्ये असताना आपण थर्मोस्टॅटला पाना लावतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

थर्मोस्टॅटची बाजू घेणाऱ्यांतही एक चुकीचं कारण फार लोकप्रिय आहे. त्याचाही समाचार इथेच घेतला पाहिजे, कारण लटक्या युक्तिवादाने खरी बाजू कमकुवत होते. ते सांगतात, थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ऐकायला पटतं, पण हे खरं नाही. पाणी बंद चक्रात फिरतं. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर ते इंजिनातही कमी वेळ थांबतं, आणि तासाभरात रेडिएटरच्या फेऱ्या जास्त होतात. प्रवाह वाढला की उष्णता वाहून नेणं सुधारतं, बिघडत नाही. थर्मोस्टॅट काढून काही गाड्या जास्त तापतात हे निरीक्षण बरोबर आहे. त्याचं कारण मात्र पाण्याचा वेग नसून पाण्याची वाट आहे.

जॅग्वारचं उदाहरण घ्या. ई-टाइप ही १९६१ साली आलेली, आजही लोक वळून पाहतात अशी गाडी. तिच्या एक्सके इंजिनात थर्मोस्टॅटला खाली एक बाहेरची कडी असते. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासच्या वाटेने परत पंपाकडे जातं. झडप उघडली की तीच कडी सरकून बायपासचं तोंड झाकते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. आता हा थर्मोस्टॅट काढा, किंवा दुकानात मिळाला म्हणून बिनकडीचा दुसराच बसवा. बायपासचं तोंड कायमचं उघडं राहतं. पाणी सोपी वाट धरतं, उकळतं पाणी रेडिएटरचं तोंड न पाहता परत इंजिनात शिरतं, आणि गाडी थंड व्हावी म्हणून केलेल्या कामानेच गाडी उकळते. मग रेडिएटर बदलला जातो, पंप बदलला जातो, विजेचे दोन पंखे बसवले जातात, आणि हजारो रुपये घालवून मालक ‘जॅग्वार आपल्या देशात चालतच नाही’ असं म्हणत गाडी ताडपत्रीखाली घालतो.

एमजी मिजेट आणि ऑस्टिन-हीली स्प्राइट या धाकट्या गाड्यांच्या ए-सिरीज इंजिनात हेड आणि पंप यांच्यामध्ये बोटभर लांबीचा बायपास होज असतो. ‘रेसिंगवाले थर्मोस्टॅट लावत नाहीत’ हा दाखला नेहमी याच गाड्यांवरून दिला जातो. रेसिंगवाले काढतात, हे खरं. पण त्या जागी ते एक पोकळ धातूची नळी, म्हणजे ब्लँकिंग स्लीव्ह, बसवतात. ती नळी बायपासचं तोंड बंद करते आणि प्रवाहालाही थोडा अडसर ठेवते, म्हणजे पाणी हेडच्या मागच्या टोकापर्यंत पोचतं. रेसिंगची अर्धीच गोष्ट उचलायची आणि दुसरी अर्धी सोडून द्यायची, हा न्याय नव्हे.

बी-सिरीजबद्दल मात्र मी प्रामाणिकपणे सांगतो, की थर्मोस्टॅट काढल्यावर एमजीबी सहसा उकळत नाही; उलट काटा खालीच बसून राहतो. समोरची बाजू हे विजयाने दाखवते. माझ्या मते मोठं नुकसान इथेच आहे, कारण ते दिसत नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन पुरेसं तापलेलं असेल तर ते सायलेन्सरमधून बाहेर जातं. सिलिंडरची भिंत थंड असेल तर त्यातला काही भाग तिथेच दवासारखा जमतो, जळणातल्या आम्लांना सोबत घेऊन. ते आम्ल बोअर खातं, तेलात उतरतं आणि तेलाचा चिकट काळा गाळ करतं. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्सच्या संशोधनातून हेच पुढे आलं होतं, की थंड भिंतीवरची ही गंज-झीज सिलिंडर झिजण्याचं मोठं कारण आहे. त्यातून जुळे एसयू कार्बोरेटर आणि हाताने ओढायचा चोक. इंजिन तापत नाही म्हणून चोक जास्त वेळ ओढलेला राहतो, जादा पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, आणि पिस्टन-रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात. तेल भरायचं झाकण उघडून पाहा. आतून पिवळट, साईसारखा थर दिसला आणि पाण्याची पातळी घटत नसेल, तर इंजिन थंडच चालतंय याची ती निशाणी आहे.

यावर ‘आपल्याकडे थंडी कुठे असते’ असं म्हटलं जातं. जुन्या स्पोर्ट्स कारचा आपल्याकडचा वापर कसा असतो ते बघा. रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना गाडी बाहेर निघते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास असतो. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालते, चहाला थांबते, गार होते, परत येते आणि पुढचे पंधरा दिवस उभी राहते. रस्त्यावर घालवलेला तिचा बहुतेक वेळ तापण्याच्या काळातच जातो. थर्मोस्टॅटची गरज नेमकी अशा गाडीला सर्वात जास्त असते.

टॅक्सीचा दाखला यामुळे उलटा पडतो. दिवसभर, दोन पाळ्यांत, उन्हात धावणारी टॅक्सी सकाळी एकदा तापली की रात्रीपर्यंत तापलेलीच असते. तिचं तापमान वाहतूकच राखते. तरीही त्या गाड्यांना बोअर करून नव्या पिस्टन-रिंगा घालणं, ‘इंजिन बांधणं’, हे नित्याचं काम होतं. त्याला धूळ, भेसळीचं पेट्रोल, वेळेवर न बदललेलं तेल अशी बरीच कारणं होती. सगळा दोष थर्मोस्टॅटच्या अभावावर टाकणं न्याय्य होणार नाही. पण ‘काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्यांनी त्या काळातल्या बोअरिंगच्या दुकानांबाहेरच्या रांगा आठवाव्यात.

एक गोष्ट मी मान्य करतो. मेणाचा थर्मोस्टॅट बिघडला तर तो बंद अवस्थेत अडकू शकतो, आणि तसा अडकला तर गाडी काही मिनिटांत उकळते. घाटात, रात्री, दुकान जवळ नसताना असं झालं, तर इंजिन पुरेसं गार होऊ देऊन झडप काढा आणि गाडी घरी न्या. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या सोमवारी नवा न बसवण्याला. हेडवरचं थर्मोस्टॅटचं झाकण तीन स्टडवर बसतं. ते स्टड गंजून झाकणात घट्ट अडकतात, जोर लावला की तुटतात. बऱ्याचदा हेच त्रासाचं काम टाळण्यासाठी ‘लागत नाही’ हे तत्त्वज्ञान पुढे केलं जातं. परत बसवताना स्टडना थोडं ग्रीस लावलं, तर पुढच्या माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम दहा मिनिटांवर येतं.

आता प्रश्न उरतो: गाडी गरम होते तेव्हा करायचं काय? पहिलं काम हे, की ती खरोखर गरम होते का ते पाहायचं. जुन्या गाडीचा काटा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. सुरुवातीच्या एमजीबीत तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान एकाच गोल मीटरमध्ये असतं, आणि तापमानाचा काटा हेडमधल्या फुग्यापासून आलेल्या बारीक नळीतल्या वाफेच्या दाबावर फिरतो. ती नळी फुटली तर काटा खाली पडून राहतो, खोटा दिलासा देत. पुढे अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत विजेवरचं मीटर आलं. त्याला डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून सरासरी दहा व्होल्टचा पुरवठा लागतो. त्या स्टॅबिलायझरची अर्थिंग गंजली की मीटरला पूर्ण बॅटरीचा दाब मिळतो आणि काटा नसलेली उष्णता दाखवतो. ओळखायची खूण सोपी आहे: पेट्रोलचा काटा त्याच स्टॅबिलायझरवर चालतो, म्हणून तोही टाकीत आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल दाखवू लागतो. दोन्ही काटे एकदम चढले तर इंजिनाला हात लावू नका, आधी ती एक तार साफ करा. याच्या उलट, सेन्सरच्या आट्यांवर सढळ हाताने टेप गुंडाळला तर त्याची अर्थिंग तुटते आणि काटा कमी दाखवतो. सगळ्यांत धोक्याची अवस्था म्हणजे पाणी इतकं कमी होणं की फुगा किंवा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो. तेव्हा काटा खाली येतो आणि हेड तापत राहतं. चढलेला काटा अचानक उतरला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घेऊन थांबवा.

तापमान मोजायला हल्ली इन्फ्रारेड थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तो चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला की कमी आकडा दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या झाकणावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावं. इंजिन थंड असताना सुरू करून वरच्या होजवर लक्ष ठेवलं की थर्मोस्टॅट स्वतःच आपली हकिकत सांगतो. होज पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकली आहे किंवा जागेवरच नाही. झाकणाखाली ९५ अंश आणि रेडिएटर गार, तर ती बंद अडकली आहे. बराच वेळ होज गार आणि मग एकदम गरम, तर झडप चोख काम करते आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा.

तरी शंका असेल तर काढून पातेल्यात तपासता येतं. दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा, आणि झडप कोणत्या अंशाला हलते ते पाहा. एक बारकावा इथे सुटतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. ८८ अंशांचा थर्मोस्टॅट त्या पाण्यात पूर्ण उघडणार नाही, म्हणून तो खराब ठरवू नये. उघडायला सुरुवात कुठे होते ते महत्त्वाचं. बसवताना कडेच्या चकतीवरची छोटी हलती पिन आडव्या पाइपात वरच्या बाजूला ठेवावी, कारण अडकलेली हवा तिच्यातूनच निघते. पाणी भरल्यानंतर लगेच गाडी तापली आणि हीटर गारच राहिला तर बहुधा हवाच अडकलेली असते.

मग मुख्य प्रश्न: गाडी कधी तापते? सिग्नलला, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर हवा कमी पडते आहे. पंखा, पंख्याचा पट्टा, रेडिएटरसमोरची अडगळ पाहा. गर्दीत ठीक आणि वेगात तापते, तर रेडिएटरच्या नळ्या बुजल्या आहेत, किंवा खालचा होज पंपाच्या ओढीने चपटा होतो आहे, किंवा टायमिंग मागे पडलं आहे, किंवा मिश्रण पातळ झालं आहे. थंड इंजिन सुरू करताच होज दगडासारखा कडक होतो आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. हा ‘कधी’ विचारायला पैसे पडत नाहीत, तरी तोच सर्वांत कमी विचारला जातो.

ओळखीतल्या एका एमजीबीची गोष्ट यावर नेमकी बोलते. शहरात गाडी बरी, हमरस्त्यावर अर्ध्या तासात काटा लाल पट्ट्याकडे. एका गॅरेजने थर्मोस्टॅट काढला. शहरात काटा आणखी खाली आला, सगळे खूश झाले, आणि हमरस्त्यावर काटा पुन्हा तिथेच गेला. ‘शहरात ठीक, वेगात गरम’ या एका वाक्याने पंखा आणि थर्मोस्टॅट दोघेही आधीच निर्दोष सुटले होते. कोणी ते वाक्य ऐकलं नाही. शेवटी ब्लॉकच्या मागच्या बाजूची पाणी सोडायची तोटी काढली, तर पाण्याचा थेंब आला नाही. तारेने टोचल्यावर तांबडा चिखल आला. विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेलं, क्षार आणि गंज यांनी मागच्या सिलिंडरभोवतीची जागा भरून टाकलेली. ब्लॉक धुतला, रेडिएटर उघडून नळ्यांचं रॉडिंग केलं, कॅप बदलली, शुद्ध पाणी आणि कूलंट भरलं, आणि ८२ अंशांचा थर्मोस्टॅट परत बसवला. आता तो काटा मे महिन्यातही जागचा हलत नाही.

रेडिएटरच्या कॅपबद्दल दोन शब्द अधिक, कारण तिचं मोल कोणाला वाटत नाही. १० पौंडांच्या दाबाची कॅप चांगली असेल तर समुद्रसपाटीला साधं पाणीसुद्धा ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेल्या कॅपने दाब धरला नाही, तर महाबळेश्वरच्या उंचीवर तेच पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. म्हणजे जे तापमान इंजिनाला अगदी चालण्यासारखं आहे, तिथेच वाफ बाहेर येते. पसरणीचा घाट चढून वर पोचलेली, वाफ सोडत उभी असलेली गाडी अनेकदा फक्त कॅपची बळी असते, आणि तिथेच कोणीतरी सांगतं, थर्मोस्टॅट काढून टाका.

ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, हे या आठवड्यात तपासा. पुष्कळांना ते माहीतच नसतं. नसेल तर पुस्तिकेतला आकडा पाहून, त्याच इंजिनासाठी बनलेला, चकतीवर अंश कोरलेला थर्मोस्टॅट बसवून घ्या. ८२ चा योग्य. नागपूर-चंद्रपूरकडे राहत असाल तर ७४ चा. आणि मिस्त्रींना विनंती, की गाडी गरम होते अशी तक्रार आली तर पाना उचलण्याआधी मालकाला विचारा: कधी गरम होते, उभी असताना की धावताना?